बोलणी आणि बोंबील

टीव्हीवर दोन देशांचे मंत्री हात मिळवू लागले की अर्नाळ्याचे दामूकाका मोठ्यानं सेकंद मोजतात. "मास्तर, तीनच! त्यात हसला एकटाच. भांगाची भरती हाय, पानी चढनार नाय."

मी तीस वर्षं कॉलेजात परराष्ट्र धोरण शिकवलं. निवृत्तीनंतर माझं ऐकून घेणारा हा एकच उरला, म्हणून आगाशीहून बस पकडून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. एकदा धोरण ठरवणारे सात घटक मी बोटांवर मोजून सांगितले. दोरीवर बोंबील टाकता टाकता काका म्हणाले, "यात खलाशी कितवा?" मी विषय बदलला.

त्यांचा मुलगा जनू गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. पाण्यात हद्दीची रेघ कुठे दिसते? बोट पलीकडे गेली आणि तेव्हापासून तो कराचीच्या तुरुंगात आहे. दोन्ही सरकारांचं जमलं की कोळी सुटतात, बिनसलं की सुटका लांबते.

मागे बोलणी ठरली तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "काका, यंदा जनू घरी!" काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "चहाला कोनी हात नाय लावला." आठवड्यात बोलणी फिसकटली आणि मी तोंडावर आपटलो. तरी दुसऱ्या दिवशी काका सुक्या बोंबलांची जुडी घेऊन माझ्या दारात हजर! दर वेळी हेच व्हायचं. गडी शिकलेला नाही, पण विद्वत्तेची कदर आहे, असं बायकोला सांगत मी दोन भाकऱ्या जास्त हाणायचो.

परवा पुन्हा बोलणी मोडली. या वेळी जुडी आणायला मीच गेलो. विद्वानाला कसली लाज? काका घरी नव्हते. काकूंनी खुंटीवरची जुडी काढली. "घ्या मास्तर. बोलनी ठरली का हे जनूसाठी निवडून ठेवतात. त्याला तव्यावरचे आवडतात. मोडली का म्हनतात, मास्तरांना देऊन टाकतो, मला बघवत नाय."

आजवर खाल्लेला एकेक बोंबील मला आठवला. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. जुडी मी परत खुंटीला अडकवली. तेवढ्यात काका आले. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, तुमच्या पुस्तकात लिवलंय का, परत कधी बोलतील?" या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"नाही काका. नाही लिहिलं."

त्यांनी मान हलवली, जुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"मग न्या. तवर हे टिकनार नाय. त्याच्यासाठी नवे सुकवीन."