कुमुदकाकूंचा उजवा गुडघा

"सिस्टर, चार वाजता नेरची माणसं येऊन राह्यली. तोवर थोडंसं दुखवता येईन काय?"

हे मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं आणि हातातला थर्मास खाली ठेवला. पलीकडे कुमुदकाकू होत्या. आदल्याच दिवशी त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या जागी नवा बसवला होता, आणि त्या नर्सकडे दुखणं मागत होत्या.

नर्स नवीन होती. "आजी, दुखू नये म्हणून तर नळी लावलीय," ती म्हणाली.

"ते समजलं व माय. पण लोकं गाडी करून येऊन राह्यले. त्यायले काय सांगू, दुखत नाही म्हणून? बरं दिसते का ते?"

कुमुदकाकू यवतमाळात आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे, पण तिचा काही उपयोग होत नाही, कारण काकूंचा आवाज टेलिफोन खात्यात घडलेला आहे. आधी दारव्ह्याच्या आणि मग यवतमाळच्या एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. त्या काळी उमरखेडची लाइन फार वाईट असायची म्हणे, बोलायचं तर ओरडावंच लागायचं. पुढे लाइन सुधारली, काकूंचा आवाज मात्र तसाच राहिला.

एरवी त्या वऱ्हाडी बोलतात. फोन कानाला लावला की मात्र एकदम छापील मराठी. समोर सख्खा भाऊ असला तरी "नमस्कार, आपण कोण बोलताय?" आणि बोलणं जरा लांबलं की "वेळ संपली" म्हणून फोन ठेवून देतात. मग पलीकडून लग्नाचं आमंत्रण चाललेलं असो, नाहीतर कुणी गेल्याची बातमी.

याला अपवाद एकच. त्यांचा मुलगा मंगेश बंगळुरूला असतो. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येतो, आणि तो विचारतो, "आई, गुडघा कसा आहे?" त्यानंतर आमच्या घरी टीव्ही लावण्यात अर्थ नसतो.

गुडघ्याच्या बाबतीत काकू कलावंत आहेत. नुसतं "दुखतंय" असं त्या कधीच म्हणत नाहीत. आज तुराटी मोडल्यासारखं कडकड करून राह्यलं. आज आतमधी कोणीतरी पाट्याले टाकी लावून राह्यलं. आज उमरखेडच्या लाइनीसारखी खरखर आहे, मधातच आवाज जाते, मधातच येते. एकच दुखणं दुसऱ्यांदा सांगताना मी त्यांना ऐकलेलं नाही. मी शाळेत सगळं इंग्रजीतून शिकले. तिथे मला रजेच्या अर्जात पोट दुखणं आणि डोकं दुखणं एवढीच दुखणी लिहायला शिकवली होती. बाकीची मी भिंतीपलीकडून शिकले.

मी घरून काम करते. याचा अर्थ आमच्या गल्लीत एकच होतो, की मला काही काम नाही. शिवाय मी कमी बोलते. त्यामुळे दवाखान्यात काकूंजवळ कोण थांबणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मंगेशदादा ऑपरेशनला आले, रात्रभर खुर्चीवर बसले आणि सकाळी परत गेले. रजा तेवढीच होती. जाताना त्यांनी मला "थँक यू" म्हटलं. मी मान हलवली.

ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टर समजवायला आल्या होत्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. म्हणाल्या, "काकू, मांडीत एक बारीक नळी ठेवणार आहोत. तिच्यातून थोडं थोडं औषध नसेजवळ जात राहील. गुडघ्याचा निरोप डोक्यापर्यंत पोहोचणारच नाही."

काकूंचा चेहरा खुलला. "म्हणजे लाइन कापून राह्यले तुम्ही."

"तसंच समजा."

"अन् पलीकडची पार्टी तिकडे हॅलो हॅलो करत बसन?"

"बसू द्या," डॉक्टर हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नीट ऐक. नळी काढल्यावर औषधाचा असर उतरतो. त्याच्या आधीच गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत, दुखायची वाट बघायची नाही. आणि गुडघा वाकवायचा म्हणजे वाकवायचा. या दिवसांत वाकला नाही तर आखडून बसेल, मग इतकं सगळं केलेलं वाया जाईल."

मी पुन्हा मान हलवली. काकू तोवर लाइन कापल्यावर पार्टीला काय वाटत असेल, या विचारात होत्या.

तर आता चार वाजत आले होते आणि काकूंकडे दुखणं नव्हतं. पण त्या हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी केस थोडे मोकळे केले. उशी तिरपी करून घेतली. मला म्हणाल्या, "ट्यूब बंद कर. ट्यूबखाली माणूस तब्येतीत दिसते."

नेरहून त्यांची नणंद इंदूबाई आल्या, सोबत जावई आणि सगळ्यांना पुरतील एवढी बिस्किटं. इंदूबाईंचे गुडघेही गेलेले आहेत. ऑपरेशन करावं की नाही हे त्या वहिनींकडे बघून ठरवणार होत्या, म्हणून स्टूल अगदी जवळ ओढून बसल्या.

"वहिनी, लय दुखते का वो?"

काकूंनी डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून त्या अशा काही कण्हल्या, की जावयाने हातातलं बिस्किट परत पुड्यात ठेवलं. "काय सांगू इंदूबाई. आतमधी कोणीतरी सरकी भरडून राह्यलं."

इंदूबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी पांघरुणाकडे नीट पाहिलं. "वहिनी, ऑपरेशन तं उजव्याचं झालं ना?"

काकूंच्या हातात डावा गुडघा होता. इतक्या वर्षांची सवय. उजवा नवा आणि बधिर होऊन पडलेला, त्यामुळे कण्हताना हात आपोआप जुन्या, ओळखीच्या गुडघ्यावर गेले होते.

मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं. काकूंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"उजव्याचंच झालं," त्या म्हणाल्या. "डाव्याले त्याचं वाईट वाटून राह्यलं."

इंदूबाईंना हे पटलं. जाताना त्या जावयाला म्हणत होत्या, "बरोबर आहे, जन्मापासून सोबत आहेत दोघं."

नंतर व्यायाम घ्यायला फिजिओवाले सर आले. त्यांनी गुडघ्याखाली हात घालून तो हळूहळू वाकवला. नळी चालू असल्यामुळे तो शहाण्यासारखा वाकला. सर खूश झाले, मी खूश झाले. काकू त्या गुडघ्याकडे फितुराकडे बघावं तशा बघत होत्या.

"काल आला अन् आज वाकून राह्यला," त्या म्हणाल्या. "याले काही स्वाभिमानच नाही."

सातला फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर ठेवला.

"आई, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"दुखतो का?"

"नाही दुखत."

"वा," मंगेशदादा म्हणाले. "म्हणजे, छानच झालं."

"हो."

तिकडे पंख्याचा आवाज येत होता. दादा दोनदा खाकरले. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाल्यावरही काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ट्यूब लाव ना व. अंधार काहून करून ठेवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. नर्सने गोळ्या दिल्या, काकूंनी त्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायल्या. निदान आम्हाला तसं दिसलं. दुपारपर्यंत त्या मजेत होत्या. समोरच्या खोलीतल्या बाईंना बोरी अरबच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होत्या, जिथे नवरदेवाचा ट्रंक कॉल त्यांनीच जोडून दिला होता. गोष्ट मध्येच थांबली. मी लॅपटॉपवरून मान वर केली. काकू छताकडे बघत होत्या आणि त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

मी तुराटीची वाट पाहिली, पाट्याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. नर्स आली, म्हणाली, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. इतकी वर्षं ज्या बाईने दुखण्याचं एवढं कौतुक केलं, तिच्याकडे खरं दुखणं आल्यावर एक शब्द नव्हता. मला भीती वाटली ती तेव्हा.

उशी नीट करायला मी हात घातला आणि गोळ्या हाताला लागल्या. सकाळच्या, कोरड्या. मी त्या मुकाट्याने नर्सला दिल्या. मग धावपळ झाली, इंजेक्शन झालं, भुलीच्या डॉक्टर आल्या आणि काकूंना रागावल्या. अगदी आईसारख्या रागावल्या, आणि काकूंनी शाळेतल्या मुलीसारखं ऐकून घेतलं. हळूहळू दुखणं उतरलं. पण सर व्यायामाला आले तेव्हा काकूंनी पाय ताठ करून ठेवला. "आज नाही." पुढच्या दिवशी दुखणं आटोक्यात होतं, तरीही "आज नाही." डॉक्टर म्हणाल्या, असंच चाललं तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल.

त्या संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सफरचंद कापत होते. काकू म्हणाल्या, "तू काही विचारत नाहीस, हे एक बरं आहे तुझं."

मी फोडी बशीत ठेवल्या.

"त्याचे बाबा गेले तेव्हापासून तो रोज फोन करते. पहिले काय बोलावं हेच दोघायले समजे ना. मग एक दिवस मी म्हटलं, गुडघा दुखून राह्यला. तं तो बोलला. डॉक्टर कोणता, तेल कोणतं, जिना काहून चढली. लय बोलला. तेव्हापासून तेच आहे आमच्यात." त्यांनी पायाकडे पाहिलं. "आता हा बरा झाला, तं तो कायले बोलन?"

"दादा फोन करतील की," मी म्हटलं. खरं तर पुटपुटले.

"करीन. वा म्हणीन अन् ठेवीन. परवा पाह्यलं ना तू." त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "माझी सारी नोकरी कानावर गेली. माणूस हॅलो म्हणाला की मले समजे, घरी काय झालं असन. मंगेशचा आवाज दोन-तीन महिन्यांपासून उतरला आहे. इथं आला तवाही तसाच होता. हसते, पण खालून पोकळ आहे. विचारलं तं काही नाही म्हणीन. म्हणून मी आपलं गुडघ्याचं लांबवते. तेवढा वेळ तं आवाज कानावर पडते. पोकळपणा आज कमी आहे का जास्ती, एवढं तं समजते."

मी सफरचंदाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक फोड उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. घड्याळात सात वाजत आले होते आणि त्या पायाकडे बघत होत्या. आज कोणतं दुखणं काढावं, याचा विचार चालला असावा.

फोन वाजला. त्यांनी घसा साफ केला. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, ओळखीच्यांशीही बेतानेच बोलते. पण फोन माझ्या बाजूला होता. मी तो उचलला, स्पीकर लावला आणि पांघरुणावर त्यांच्या हाताजवळ ठेवला.

"आई, गुडघा..."

"मंगेशदादा, मी शेजारची बोलतेय," मी म्हटलं. "आज गुडघ्याचं नका विचारू. तुम्ही कसे आहात ते सांगा. काकू ऐकतायत."