काटा पुढे, आम्ही मागे

अर्लिनमामाच्या विमानाला एकूण त्रेचाळीस फटी होत्या. मी मोजल्या. दाराभोवती नऊ, पंखांच्या मुळाशी बारा, चाकांपाशी सहा आणि उरलेल्या सोळा नुसत्या हौसेच्या! मामाने ते विमान गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून स्वतः बांधलं होतं. फटी दाखवणं म्हणजे त्याच्या लेकराचे दात वाकडे म्हणणं!

"मामा, एवढ्या बुजवल्या की एकशे बत्तीस मैलांचा वेग एकशे पंचेचाळीस झालाच समज!" मी छातीठोकपणे म्हणाले. भौतिकशास्त्राची पदवी अजून गरम होती.

"नक्की ना, ब्रिटा? यंदाही ग्लेनिसकडून हरलो तर विमान विकणार, असं सगळ्यांना सांगून बसलोय मी!"

ग्लेनिस म्हणजे शेजारच्या हँगरची मालकीण. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गवती धावपट्टीवर दर जूनला पॅनकेकची न्याहारी होते आणि मग घरी बांधलेल्या विमानांची शर्यत. ही बाई सात वर्षं मामाला धूळ चारत होती.

मी चिकटपट्टीची रिळंच्या रिळं संपवली. विमानाच्या कुशीला एक बारीक छिद्र असतं. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून वेगाच्या काट्याला कळतो. ते झाकायचं नाही, एवढी अक्कल मला होती! म्हणून त्याच्या अगदी पुढ्यातली फट मी तिहेरी थर देऊन बुजवली.

चाचणीत, पहाटेच्या शांत हवेत, काटा एकशे सेहेचाळीसवर! मामाने हवेतच माझा मुका घेतला.

न्याहारीला तो ग्लेनिसला म्हणाला, "आज माझी शेपटी नीट बघून घे, दिवसभर तीच दिसेल!"

"आधी हनुवटीवरचा पाक पूस, अर्लिन."

शर्यतीत मी मामाशेजारी बसले. ऊन तापलेलं, हवा खडबडीत, विमान खाचखळग्यांतल्या बैलगाडीसारखं उडत होतं. काटा एकशे चाळीसच्या पुढे पिवळ्या पट्ट्यात शिरला.

"धक्के असताना पिवळ्यात जायचं नाही!" मामाने इंजिनाचा जोर कमी केला. "पंख मीच चिकटवलेत, मला माहीत आहेत!"

तेवढ्यात उजवीकडून ग्लेनिस आली.

"ही कशी काय आली?"

"मामा, हिशोबाने ती मागे असायला हवी."

"तुझा हिशोब तिला सांग! ती हात हलवतेय बघ!"

आमचा सरासरी वेग एकशे सव्वीस निघाला. मामा तडक हँगरमध्ये गेला आणि पुठ्ठ्यावर 'विकणे आहे' लिहायला बसला.

मी विमानाभोवती फिरले आणि त्या छिद्रापाशी थिजले. माझ्या तिहेरी पट्टीचा उंबरठा झाला होता! हवा त्यावरून उडी मारत होती, छिद्रापाशी दाब कमी होत होता आणि त्या कमी दाबाला भुलून काटा वेग फुगवून सांगत होता. धरणीमाते, पोटात घे!

"मामा... काटा खोटं बोलत होता. माझ्यामुळे. तू उगाच जोर कमी केलास."

मामाने पुठ्ठा खाली ठेवला. "म्हणजे मी स्वतःच ब्रेक लावून हरलो?"

"हो."

दारात ग्लेनिस उभी होती. "असली शर्यत मी धरत नाही! पुठ्ठा फाड. ती पट्टी काढ आणि पुन्हा उडव, वेळ मी मोजते."

ती एक पट्टी सोलली, बाकीच्या तशाच ठेवल्या. मामाने पूर्ण जोर लावून तोच मार्ग कापला. मी खाली उभी राहिले. सोबत बसायची हिंमत नव्हती.

सरासरी वेग: ताशी एकशे तेहेतीस मैल. पट्ट्या लावण्याआधी होता एकशे बत्तीस!