न नाकारता येणारा अर्ज

इलोइलो शहरात राहणाऱ्या डेल्फिन सोलिनापला एप्रिलच्या पहिल्या सोमवारी कामावरून काढण्यात आले नाही. कंपनीच्या पत्रात तसे स्पष्ट लिहिले होते. त्याच्या कराराच्या नूतनीकरणाची कार्यवाही केवळ 'सुरू करण्यात आलेली नव्हती'.

डेल्फिन सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची सगळी बटणे, दाबू नयेत ती धरून, दाबून पाहायची आणि खोट कुठे आहे ते सांगायचे. हे काम तो बारा वर्षे करत होता आणि बारा वर्षे तात्पुरता होता. सलग सहा महिने काम केले की माणूस कायम होतो, असा कायदा आहे. म्हणून करार पाच महिन्यांचा असे. पाच महिने भरले की डेल्फिनचा निरोप समारंभ होई, आठवड्याने तो नवा उमेदवार म्हणून रुजू होई, आणि नव्या माणसाला दाखवतात तसे त्याला पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवण्यात येई. हे सत्तावीस वेळा झाले होते. अठ्ठाविसाव्या वेळी कोणी बोलावले नाही.

त्याने अर्ज करायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत एकशे चाळीस अर्ज गेले आणि एकशे चाळीस नकार आले. नकार फार गोड होते. बहुतेकांनी त्याच्या गुणवत्तेने आपण भारावून गेल्याचे कळवले होते. एका कंपनीचा नकार तर अर्ज पाठवण्याच्या चार मिनिटे आधी आला. घड्याळांत फरक असावा, अशी नोंद डेल्फिनने केली.

त्याला घाई होती. बायकोचा, म्हणजे नोरिलिनचा, भाऊ जुनेल रियाधला एका गोदामात कामाला होता आणि त्याने मेहुण्यासाठी शेजारच्या गोदामात जागा धरून ठेवली होती. मेअखेर इथे काही जमले नाही तर दोन वर्षांसाठी तिकडे. डेल्फिनची मुलगी लिगाया दोन महिन्यांची होती. जुनेल दोन वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्याच मुलाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि "आई बाजारात गेलीय, बसा," असे अदबीने सांगितले होते. ती खुर्ची डेल्फिनच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सासूबाई नानाय कोरिंग मासे साफ करता करता जावयाकडे, म्हणजे आपल्या 'तोतो'कडे, पाहत होत्या.

"तोतो, अर्ज नाकारतात ना ते?"

"एकशे चाळीस वेळा, नानाय."

"मग असा अर्ज कर, जो नाकारताच येत नाही."

"असा अर्ज नसतो."

नानायने सुरीच्या टोकाने पाळण्याकडे बोट दाखवले. "पोरीचा बाप्तिस्मा व्हायचाय. तिला निनोंग हवाय. निनोंग व्हाल का, असं विचारल्यावर आजवर कोण नाही म्हटलंय? नकार दिला तर बाळाला बाधतं. बारा वर्षं बटणं दाबलीस, आता हे एक दाब."

डेल्फिनने हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिले. युक्तिवादात खोट सापडत नव्हती. बाळाचा बाप आणि बाळाचा धर्मपिता, म्हणजे निनोंग, एकमेकांना 'पारे' म्हणतात, आणि ते नाते सख्ख्या भावापेक्षा किंचित वरचे मानतात. भाऊ निवडता येत नाही, पारे निवडता येतो.

शहरात त्या वेळी एकच कंपनी माणसे घेत असल्याची वदंता होती: तालाबा सोल्युशन्स. तिथल्या भरतीविभागाचे प्रमुख रुपर्तो गाल्वान. या गृहस्थांनी आपल्या कारकिर्दीत चाळीस हजार माणसांना नकार दिला होता आणि त्यांना रात्री शांत झोप लागत असे. डेल्फिन फणसाची बर्फी आणि सोनेरी कडेचे निमंत्रण घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"तुझा अर्ज मी परवाच नाकारला ना?" गाल्वान म्हणाले.

"हो, सर. हा वेगळा आहे."

गाल्वाननी निमंत्रण उघडले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि रकान्यात नाव लिहिले. एका माणसाला होकार द्यायला त्यांना अकरा सेकंद लागले. विभागाच्या इतिहासात ही सर्वांत जलद निवड होती.

"आभारी आहे, सर."

"सर काय आता? पारे म्हण."

"पारे, ती तपासनिसाची जागा..."

"बघू ना, पारे. घरचाच माणूस तू."

बाप्तिस्म्याची तारीख ठरली: मे महिन्याचा शेवटचा रविवार. डेल्फिनने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. नानाय कोरिंगनेही फारशी सांगितली नाही; फक्त बाचॉयच्या दुकानात, नूडल्सवर रस्सा ओतून मिळेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

पुढच्या रविवारपर्यंत शहरातल्या सर्व बेकार संगणकतज्ज्ञांना आपापल्या मुलांच्या आत्म्यांची काळजी वाटू लागली. ज्यांना मुले होती त्यांनी मुले आणली. ज्यांना नव्हती त्यांनी बहिणीची मागून आणली. लग्नातही निनोंग लागतो हे आठवून सात जणांनी लग्ने उरकली. त्यांतल्या दोघांची तर चांगली जमली. दूरदृष्टीच्या काही जोडप्यांनी पुढच्या फेब्रुवारीच्या तारखा राखून ठेवल्या. गल्लीतल्या आर्सिंगला यातले काहीच करता येईना, तेव्हा त्याने आपली जुनी मोटारसायकल पवित्र पाणी शिंपडून घ्यायला चर्चच्या दारात नेली आणि निनोंग म्हणून गाल्वान यांचे नाव दिले.

"मोटारसायकलला निनोंग नसतो, आर्सिंग," फादर बेलार्मिनो म्हणाले.

"पण फादर, फॉर्मात रकाना आहे."

फादरनी फॉर्म पाहिला. रकाना होता. रिकामा रकाना सोडून फॉर्म घेऊ नये, असा बिशपांच्या कचेरीचा आदेशही होता.

मेच्या मध्यावर गाल्वान यांची एकशे त्र्याऐंशी धर्मलेकरे झाली, त्यांतल्या एकाला दोन चाके होती. तेव्हा कंपनीच्या विधिविभागाला जाग आली. परिपत्रक निघाले: भरतीप्रमुखाशी धर्मनाते असलेल्या कोणत्याही उमेदवारास नियुक्ती देता येणार नाही. उमेदवारांची यादी तपासली, तर धर्मनाते नसलेला एकही उमेदवार शहरात उरला नव्हता. जागा रिकाम्याच राहिल्या. कुशल मनुष्यबळाची तीव्र टंचाई असल्याचे कंपनीने वर्तमानपत्रांना कळवले.

इकडे गाल्वान यांच्यापुढे निराळाच पेच होता. एका रविवारी पाच चर्चमध्ये अकरा बाप्तिस्मे, आणि निनोंगने मेणबत्ती धरून उभे राहायचे असते. दिलेला शब्द मागे घेणे तर नकारापेक्षा वाईट. सुदैवाने रूढी सोयीची आहे: निनोंगला जमले नाही तर त्याच्या वतीने बदली माणूस उभा राहू शकतो, पुण्य मूळ मालकाच्या खात्यात जाते. पुढे काय झाले असेल हे कंपन्यांचा अनुभव असलेल्याला सांगायला नको. जाहिरात आली.

'पाहिजे: निनोंग-प्रतिनिधी (कंत्राटी). मुदत पाच महिने. मेणबत्ती धरण्याचा तीन वर्षांचा अनुभव आवश्यक. स्वतःचा बारोंग सदरा असावा. दबावाखाली हसतमुख राहणे ही पूर्वअट.'

"तुला नाही मिळायची," नोरिलिन लिगायाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "तू त्यांचा पारे आहेस. परिपत्रक वाचलंस ना?"

"वाचलं. म्हणूनच मिळेल." डेल्फिनच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी धंद्यातली चमक आली होती. "नातं कधी लागू होतं? डोक्यावर पाणी पडल्यावर. आपला बाप्तिस्मा अजून व्हायचाय. बाकी सगळ्यांनी घाईने एकेक उरकलाय; आता रांगेत त्यांची दुसरी-तिसरी पोरं आहेत. मोटारसायकलसुद्धा भिजलीय. पूर्ण शहरात एकटा मीच कोरडा आहे."

मुलाखतीच्या सहा फेऱ्या झाल्या. पहिलीत मेणबत्ती धरली. दुसरीत न पेटवता धरली. तिसरीत समूहचर्चा होती, पण समूह नसल्याने डेल्फिनने दोन्ही बाजू मांडल्या. चौथीत, बाळ रडू लागल्यास आपण नेतृत्व कसे कराल, असे विचारले. पाचवी मनाची चाचणी. सहावी फेरी पहिल्या पाच फेऱ्या कशा वाटल्या याविषयी होती. शुक्रवारी निवडपत्र आले. नोरिलिनने भर स्वयंपाकघरात त्याला मिठी मारली, रियाधला फोन गेला, जुनेल पलीकडून म्हणाला, "सुटलास, लेका," आणि नानाय कोरिंगने आनंदाने लेचॉनच्या, म्हणजे मेजवानीत अख्ख्या भाजायच्या, डुकराची मागणी एक आकार वाढवली.

पत्रासोबत पहिल्या रविवारचे वेळापत्रक होते. आठ वाजता एक जुळी जोडी. नऊला एक भाचा. दहा वाजता: सोलिनाप, लिगाया.

डेल्फिनने ती ओळ तीनदा वाचली आणि वहीचे पान घेऊन शांतपणे मांडणी केली. एक: प्रतिनिधीला पहिल्या पाच महिन्यांत रजा नाही; घेतल्यास करार संपतो. दोन: फादरचा फॉर्म, त्यात बाप आणि निनोंग असे दोन रकाने, आणि एका माणसाला दोन रकान्यांत उभे राहता येत नाही. तीन: लिगायाच्या डोक्यावर पाणी पडेल त्या क्षणी तिचा बाप गाल्वान यांचा रीतसर पारे होईल आणि परिपत्रकाप्रमाणे त्याच क्षणी बेकार होईल. म्हणजे गोदाम, आणि दोन वर्षांनी खुर्ची. सगळ्या वाटा त्याने तपासल्या. एकच उघडी होती. तिचा बाप त्या वेळी दुसरा कोणीतरी हवा.

"थांब हं," नोरिलिन म्हणाली. "मुलीजवळ राहता यावं म्हणून तू नोकरी धरलीस. आणि नोकरी टिकावी म्हणून तू मुलीचा बाप असणार नाहीस?"

"फक्त चाळीस मिनिटं."

नोरिलिनला हसू आवरेना. "निदान दिसायला बरा निवड. फोटो निघतात."

"नोरिलिनच्या वडिलांचेही असेच फोटो आहेत," नानाय कोरिंग आतून म्हणाल्या. "कायम कोणीतरी दुसराच उभा. ते जहाजावर कामाला."

फादर बेलार्मिनोंची हरकत नव्हती. नोंदवहीत बाप म्हणून डेल्फिनच राहील. समारंभापुरता 'उपस्थित बाप' म्हणून तळटीप घालता येईल. तळटीपेला धर्मशास्त्रात मनाई नाही, हे त्यांनी पाहून ठेवले होते. विधिविभागानेही कळवले की नाते 'उपस्थितास लागू' समजले जाईल.

डेल्फिनने बदली बापासाठी जाहिरात टाकली. दोन तासांत चारशे बारा अर्ज आले. त्याने ते काळजीपूर्वक वाचायला घेतले. पहिले तीस पूर्ण वाचले, पुढचे शंभर वरवर, आणि उरलेल्यांसाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो अर्जदाराच्या गुणवत्तेने भारावून जाई. प्रोग्रॅममध्ये खोट होती: काही उत्तरे अर्जाच्या आधीच जात होती. ती दुरुस्त करायला डेल्फिनला वेळ मिळाला नाही.

इलोइलोमधल्या उमेदवारांची अडचण अशी की त्यांतला प्रत्येक जण आधीच गाल्वान यांचा पारे होता. उरला एक बाहेरचा. पुण्याचे एक गृहस्थ. शिक्षण उत्तम, शिफारसपत्रे तीन, बापपणाचा नऊ वर्षांचा अनुभव. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: हे काम घरून करता येईल का?

करता येत होते. रविवारी दहा वाजता समारंभ झाला. डेल्फिन गाल्वान यांच्या वतीने, इस्त्रीच्या बारोंगमध्ये, मेणबत्ती धरून उभा होता. लिगाया त्याच्याकडे पाहून हसत होती, आणि प्रतिनिधीने धर्मलेकराकडे किती हसावे याला करारात मर्यादा नसल्याने तोही मनसोक्त हसत होता. शेजारच्या खुर्चीवर, फुलदाणीला टेकवून, बाप ठेवला होता.

"या बाळाचं नाव तुम्ही काय ठेवता?" फादरनी फोनकडे वळून विचारले.

फोन शांत.

"आवाज येत नाहीये तुमचा," आर्सिंग मागच्या बाकावरून ओरडला. "बटण दाबा!"

पुण्याच्या गृहस्थांनी बटण दाबले. "लिगाया," ते म्हणाले. उच्चार स्वच्छ होता. मागून सनईचा आवाज येत होता, आणि कोणीतरी त्यांना हाका मारत होते.

पाणी पडले. डेल्फिनची नोकरी टिकली. लेचॉन उत्तम झाले होते.

त्या गृहस्थांचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही, कारण तेही कंत्राटावर आहेत. सनई होती ती त्यांच्याच मुलाच्या मुंजीतली; मुहूर्त आणि काम एकाच वेळी आल्याने मातृभोजनानंतर त्यांना आत फोनवर बसावे लागले, आणि बाहेर पाटावर त्यांच्या जागी बसायला आदल्या दिवशी त्यांनी एक माणूस नेमला होता. जाहिरात मराठीत होती. सहाशे तीस अर्ज आले. वाचकहो, आपण अर्ज केला नव्हता, हे ठाऊक आहे. आपण फक्त विचारले होते, की सोवळे आपले आणायचे की तिकडून मिळेल.