थंडगार जाकीट

"तुला कशाला दगदग? मी बोलतो सगळं," आत्माराम म्हणाला आणि कमलिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

दुबईच्या त्या हॉस्पिटलात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी वर्ग होता : आपला आजार आपणच कसा सांभाळायचा. मज्जातंतूंचं हे दुखणं दोन वर्षांपूर्वी कमलिनीच्या मागे लागलं. ऊन लागलं की तिचे पाय भिजवलेल्या कणकेसारखे होत. वर्गात नाव तिनंच घातलं होतं. पण आत्माराम आपला मसाल्याचा कारखाना कामगारांवर सोडून सोबत आला, आणि पहिल्या रांगेत बसला.

शिकवायला हैदराबादच्या सिस्टर रशीदा होत्या. "कमलिनीजी, थकान कब होती है?"

"दोपहर को," आत्माराम म्हणाला.

"और नींद?"

"एकदम मस्त. घोरती है!"

मागे कोणीतरी खुसखुसलं.

"अहो, मी इथंच बसलेय!" कमलिनी दात खाऊन पुटपुटली.

"तुला दगदग नको म्हणून गं."

या 'दगदग नको'नं दोन वर्षांत तिच्याकडून गाडीची किल्ली नेली, विळी नेली, कारखान्याचा हिशेब नेला. नणंदेशी फोनवर भांडायचं सुखही आता आत्मारामच परस्पर उपभोगत होता.

सिस्टरनी फ्रीजरमधून एक जाकीट काढलं. आत बर्फाच्या पिशव्या. उन्हात जाताना घालायचं. कमलिनीनं हात पुढे केला.

"थांब, आधी मी बघतो. तुला झेपायचं नाही."

जाकीट कमलिनीच्या मापाचं होतं. आत्मारामनं श्वास रोखून, पोट आत घेऊन चेन वर ओढली. मग श्वास सोडला. चेन सदऱ्याचं कापड गिळून मधोमध अडकली. सिस्टरनी ओढली, हलेना. दारावरच्या वॉचमननं येऊन व्हॅसलिन चोळून हिसका दिला, तर चेनची कडीच त्याच्या हातात आली. वर एसी गारठवत होता, पोटाला बर्फ भिडला होता. आत्मारामचे दात वाजू लागले.

"भाईसाब, ज्यादा ठंड लग रही है?" सिस्टरनी विचारलं.

"कुछ नहीं होता इनको," कमलिनी म्हणाली. "आदत है."

"अगं, म-म-मला बोलू दे की!"

"तुम्हाला कशाला दगदग?"

शेवटी वॉचमन "यल्ला, चलो" म्हणत त्याला कात्रीच्या शोधात बाहेर घेऊन गेला. दार लागलं. सिस्टर कमलिनीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"अब आप बताइए. सबसे मुश्किल क्या लगता है?"

कमलिनीनं तोंड उघडलं. दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मनात उत्तरं येत होती ती सगळी आत्मारामच्या आवाजात. तिला त्याचा राग आला, आजाराचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा.

तेवढ्यात दाराच्या काचेवर टकटक झाली. कात्रीनं जाकीट आणि सदरा दोन्ही कापलेला आत्माराम, अंगावर हॉस्पिटलची चादर गुंडाळून, स्वतःच्या पायाकडे बोट दाखवत होता. "पाय! पाय सांग!"

कमलिनी काठी टेकत उठली. सिस्टर आधाराला धावल्या.

"नको. मैं करती हूँ."

सावकाश दारापर्यंत जाऊन तिनं आत्मारामकडे एकदा नीट बघितलं आणि काचेवरचा पडदा सर्रकन खाली ओढला. मग परत येऊन, धापा टाकत, खुर्चीत बसली.

"हां सिस्टर, अब सुनिए."