सोमाजींचा अमान्य फोटो

वय दिसू न देण्याचा इतका हट्ट धरलेला मनुष्य आमगावात मी दुसरा पाहिला नाही. सोमाजी राइस मिलमधून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. तरी मिशी काळीभोर, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात तपकिरी चौकड्यांचा शर्ट. त्या कापडाचा अख्खा तागाच त्यांनी घेऊन ठेवला होता. एक शर्ट विरला की त्यातूनच दुसरा शिवला जाई. भाड्याच्या घराचे दार निळे होते आणि दर दिवाळीला ते पुन्हा निळेच रंगे. रंगाऱ्याने एकदा हिरवा सुचवला.

"जसं हाये तसं राहू द्या जी," सोमाजी म्हणाले.

पत्नीच्या दहाव्याला न्हावी मिशी उतरवण्यास पुढे झाला, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच वाक्य ऐकवले. म्हातारा रंगेल आहे, असा निष्कर्ष गल्लीने त्या दिवशी काढला.

पुढे घरमालक वारले. त्यांच्या मुंबईतील मुलाने घर विकायला काढले. ते पाडून गोदाम बांधण्यास एक सिमेंटवाला टपलेलाच होता. पण मुलगा सभ्य निघाला. महिनाअखेरपर्यंत पहिला हक्क भाडेकरूचा, असे त्याने कळवले. व्यवहार त्याच्या सॉलिसिटरकडे होता. या गृहस्थांनी आमगाव कधी पाहिले नव्हते. घेणारा मनुष्य खरोखर तोच आहे, याची त्यांना खात्री हवी होती. मतदार ओळखपत्राची प्रत आणि ताजा फोटो मागवला गेला. माझा जन्म तहसील कचेरीत कागद तपासण्यात गेलेला. शेजारी म्हणून लिफाफा मीच तयार केला आणि फोन नंबरही माझाच दिला.

आठवड्याने लिफाफा परत आला. पाठोपाठ माझ्या घरी सॉलिसिटरांच्या कारकुनाचा फोन. मी तो सोमाजींच्या हाती दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आजोबा, ताजा फोटो मागितला होता. तुम्ही ओळखपत्रावरचाच पाठवलात."

"नाई जी. परवाच काढला."

"साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. शर्टसुद्धा तोच आहे. दहा वर्षांत माणूस बदलतो, आजोबा."

"काऊन बदलते जी?"

पलीकडे फोन ठेवला गेला.

मी उपाय सांगितला. "मिशी काढा, टोपी काढा, दुसरा फोटो पाठवू."

"मिशी नाई जी."

"घर हवे की मिशी? महिना संपत आला आहे."

सोमाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "दोनी एकाच कामाचे हायेत, बाबूजी. संजू गेला तवा मी असाच दिसत होतो. दार बी असंच होतं."

त्यांना मुलगा होता, तो बापाशी भांडून रेल्वेत बसला आणि परतला नाही, हे गल्लीला माहीत होते. त्याचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

"बाप म्हातारा होतो, हे पोराला कळते," मी म्हणालो.

"कळन जी. पण आला, दुरून पायलं, अन् दुसराच कोणी राहून राहिला समजून वापस गेला तं?"

मी परत आलेला लिफाफा त्यांच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन न्हाव्याकडे गेले. सोबत मी होतो. काम झाल्यावर न्हाव्याने आरसा धरला. त्यांनी पाहिला नाही. फोटो स्टुडिओत टोपी मांडीवर ठेवून ते बसले. मिशीवाचून ओठ आत गेलेला, कपाळ उघडे. खुर्चीत कोणी परका म्हातारा होता. मुंबईचे समाधान तत्काळ झाले. गल्लीने ज्याला ओळखले नसते, तोच चेहरा तिकडे ग्राह्य ठरला. घर सोमाजींच्या नावे झाले.

रजिस्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा ते दारावर खिळा ठोकत होते. मुंबईहून परत आलेला फोटो त्यांनी प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून निळ्या रंगावर लावला होता.

"मिशी येतपर्यंत राहू द्या जी," ते म्हणाले.

मिशी आली. ती पुन्हा काळी झाली. फोटो मात्र त्यांनी काढला नाही. त्या दारावर दिवसभर ऊन असते. फोटोतली मिशी आता पांढुरकी दिसू लागली आहे.