सिंथेसायझरमधली खाली

रघुनाथरावांनी भजनी मंडळाचा सिंथेसायझर सौंसरहून आणला तो दोन पट्ट्या अडकतात म्हणून. पण पांढुर्ण्याच्या दुरुस्तीवाल्या गजेंद्रने आजवर कुठलंही यंत्र तेवढ्यावर सोडलं नव्हतं. पट्ट्या दहा मिनिटांत सुटल्या. मग त्याने त्या चाळीस वर्षं जुन्या यंत्राच्या पोटात टॉर्च मारला, आणि कंपनीच्या नकाशात नसलेलं एक सर्किट दिसलं. हाताने जोडलेलं. वर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने एकच शब्द: खाली.

त्याने यंत्राचा ठेका लावला. आठांपैकी पहिल्या चार मात्रा डग्गा घुमायचा, पुढच्या चार मात्रांत गप्प व्हायचा. तीनदा मोजलं, तीनदा तेच. दोष सापडला. उपाय तर चिकटपट्टीवरच लिहिला होता: सर्किट खाली हवं, कोणा अडाण्याने वर बसवलं. गजेंद्रने ते तळाशी बसवलं. डग्गा तरी गप्प होतच राहिला.

डबा घेऊन आलेली त्याची बायको उषा हिंदी शाळेत शिकवायची. तिने चिकटपट्टी वाचली.

"खाली म्हंजे रिकामं. थे कामाचं नाही, म्हणून तं लिहून ठेवलं कोणी."

गजेंद्रला पटलं. उपटताना सर्किटचे दोन पाय मोडले, पण रिकाम्या वस्तूला पाय हवेत कशाला? आता आठही मात्रा सारख्या घुमू लागल्या.

रविवारी तो स्वतः यंत्र घेऊन सौंसरच्या भजन स्पर्धेला पोचला. मंडळाचा नंबर यायला पंधरा मिनिटं होती. रघुनाथरावांनी ठेका लावला, एक ओळ म्हटली आणि थांबले.

"गजेंद्रभाऊ, खाली कुठी गेली?"

"खालीच होतं काकाजी. मी काढून टाकलं."

"कुठून काढलं?"

"खालून."

रघुनाथराव चिडले नाहीत, तेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे समजावलं की ठेक्यात डग्गा जिथे गप्प बसतो त्या मात्रांना खाली म्हणतात. त्यांचा तबलजी मुलाकडे बैतूलला कायमचा गेला, तेव्हा जाताना त्यानेच ती यंत्रात बसवून दिली होती. गेल्या साली मंडळ एका गुणाने हरलं होतं, आणि यंदाचा परीक्षक स्वतः तबलावाला होता.

गजेंद्रला तबल्यातलं काही कळत नव्हतं; डग्ग्याची तार मात्र नेमकी माहीत होती. ती बाहेर ओढून तो यंत्राच्या टेबलाखाली शिरला. पुढे चादर सोडली. चार मात्रा तार जोडायची, चार मात्रा तोडायची. झांज वाजवणाऱ्या प्रेमलताबाईंनी दर आवर्तनात पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पायाच्या अंगठ्याने त्याला टोचायचं ठरलं. तिसऱ्या कडव्यात लय चढली, तसा अंगठाही चढला. नाकावर मुंगी आली. गजेंद्रने तारेवरचा हात सोडला नाही.

मंडळ पहिलं आलं. परीक्षक म्हणाले, यंत्राचा एवढा जिवंत ठेका त्यांनी ऐकला नव्हता.

आठवडाभर खपून गजेंद्रने सर्किट दुरुस्त केलं, बारा वेळा तपासलं आणि सौंसरला नेऊन रघुनाथरावांच्या हाती ठेवलं. त्यांनी ते न पाहताच कपाटात टाकलं.

"राहू द्या जी. परवा रामाकोन्याले कार्यक्रम हाये, तीन वाजता या," ते म्हणाले. "तुमच्यासाठी टेबल उंच सांगतला हाये."