लोधिवलीच्या कणगीवरील स्वारी

शके अठराशे अठ्ठेचाळीस, क्षयनाम संवत्सर, पौष मास. मौजे चौक येथील सोनुबाईसाहेब यांणीं लोधिवलीकर मालोजीराव यांच्या कणगीवर चालून जाऊन आपलें भात सोडविलें, तें वर्तमान मागाहून कोणी तिखटमीठ लावून सांगूं नये, सबब जैसें घडलें तैसें लिहिलें असे.

मालोजीराव भाताचे मातबर सरदार. लोकांचें भात कणगींत ठेवून घ्यावें, पावसाळ्यांत गरजवंतास दिढीनें, म्हणजे एकाचें दीड घेण्याच्या बोलीनें, द्यावें आणि सुगीस वसूल करून ज्याचें त्याच्या नांवें वाढवावें, ऐसा रिवाज. बाईसाहेबांनीं लेक ठकीबाई यांच्या लग्नाकरितां दहा मण ठेविलें होतें. पहिल्या सालीं त्याचे पंधरा जाहले आणि बाईसाहेबांनीं पंगतीस जिलबीचा मनसुबा केला. दुसऱ्या सालीं रावांनीं सर्व भात घाटाखालीं तळ देऊन बसलेल्या एका ठेकेदारास दिलें, आणि तो निम्में फेडून परागंदा जाहला, मग पंधराचे साडेसात राहिले. लग्न माघांत, आणि साडेसातांत व्याह्यांची फौज जेवत नाहीं, हा मोठाच पेंच पडला.

मग रावांनीं देवळापुढें रयत जमवून हुकूम फर्माविला कीं, एके सालीं निम्में वाढलें, एके सालीं निम्में घटलें, सरासरी शून्य. सबब कोणाचें कांहीं गेलें नाहीं, दहाचे दहा कायम. रयत संतुष्ट जाहली. बाईसाहेबांचे धाकटे दीर पदूजी, ज्यांचेंही भात त्याच कणगींत, ते तर फारच संतुष्ट.

"वयनी, सरासरी शून्य हाय. आपलं काय बी गेलं नाय."

"वाढलं ते दहाचं निम्मं, भावजी, आनि गेलं ते पंधराचं निम्मं. पाच आले, साडेसात गेले. व्याह्यांच्या पानात सरासरी वाढू काय?"

पदूजींनीं हें बायकांचें गणित म्हणोन मनावर घेतलें नाहीं.

आठा दिवसांत दुसरा हुकूम सुटला. आजवर जो भात जास्त पावसाळे ठेवी त्यास दर सालची वाढ जास्त, ऐसी चाल. आतां जो शिमग्यापावेतों ठेवील त्यास दिढी, आणि जो तीन पावसाळे ठेवील त्यास सालाची निव्वळ सवाई. पदूजींनीं शिमग्याचा वायदा तात्काळ पत्करला. बाईसाहेब मात्र जात्यापाशीं बसून मसलत करित्या जाहल्या कीं, तीन सालांपरीस दोन महिन्यांस जो अधिक देऊं करितो त्याची नड आजची आहे, आणि भरल्या कणगीचा धनी ऐसा काकुळतीस येत नाहीं. सबब जें करणें तें उद्यांच. पदूजींस चला म्हटलें, ते हंसले. मग पहांटे गाडी जुंपून, रिकामीं पोतीं आणि ठकीबाई यांसह बाईसाहेब लोधिवलीस रवाना जाहल्या.

राव पडवींत पान जमवीत होते, भोंवतीं चारचौघे बसले होते. बाईसाहेबांनीं तंटा केला नाहीं, पदर सांवरून नम्रपणें बोलल्या:

"मालोजीबाबा, तुमची सरासरी आमाला मान्य हाय. दहाचे दहा कायम म्हनलात, तवा दहा मोजा."

राव दिङ्मूढ जाहले. साडेसात म्हणावें तर चारचौघांत सरासरी बुडते आणि सारा मुलूख दारीं येतो. दहा द्यावें तर कणगीचा तळ दिसतो. अखेर गडी कान्हा यास मापाचा हुकूम जाहला आणि पहिल्या मापास, एक न म्हणतां, रिवाजाप्रमाणें 'लाभ' म्हणोन मोजणी सुरू जाहली. साडेसात मण भरतां माप कणगीच्या बुडास खरडलें, तो आवाज पडवीपावेतों आला. उरलेलें अडीच मण रावांच्या स्वयंपाकघरांतून, धनीणबाईंच्या डोळ्यांदेखत निघालें.

भरली गाडी हमरस्त्यानें परतली ती सर्वांनीं पाहिली, आणि मग पदूजी आदिकरून रयत पोतीं घेऊन लोधिवलीस धांवली. तोंवर कणगी झाडून झाली होती.

येणेंप्रमाणें सोनुबाईसाहेबांची फत्ते जाहली, दहाचे दहा मण हस्तगत जाहले, जिलबी मात्र रहित करावी लागली. माघांत लग्न होऊन व्याही तृप्त उठले. मागाहून गेलेल्यांस रावांनीं सरासरी दिली. ती त्यांच्या नांवें अद्याप कायम असे.